आता बंदी उठली आहे

पाइन लँडिंग, अलाबामा
२३ जून, मंगळवार

प्रिय डॅडी,

तुमची कंबर बरी असेल आणि ममाच्या टोमॅटोंना हरणांनी तोंड लावलं नसेल, अशी आशा करते. मी मजेत आहे. उजव्या अंगठ्याची साल गेली आहे, त्यामुळे पेन धरताना हुळहुळतं. तीन दिवस बास माशांना ओठाला धरून उचललं की दुसरं काय होणार? त्यांचं तोंड म्हणजे निव्वळ पॉलिशपेपर. लहानपणी तुमच्या अंगठ्याला हात लावायला मी घाबरायचे, आता माझा तसाच झाला आहे आणि मी तो सगळ्यांना दाखवत फिरते.

पत्र लिहिते आहे, कारण फोन ममा उचलते आणि "ते बाहेर गेलेत गं" म्हणते. मागे तुमचा खोकला ऐकू येतो.

बातमी तुम्हाला कळलीच असेल, तरी मीच सांगते. बास मासेमारीच्या स्पर्धेत मी तिसरी आले. पहिल्या तिघांना पुढच्या वर्षी स्पर्धांच्या मोठ्या दौऱ्यात जागा मिळते, म्हणजे मी आता धंदेवाईक मासेमार झाले. मार्चमध्ये दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "लोकांचे दात घासून पोट भरत होतं, आता माशांचे घासणार का?" तर हो डॅडी, माशांचे घासणार.

नियम तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. स्पर्धेआधी महिनाभर तलाव आम्हाला बंद. त्यावर जायचं नाही आणि तिथल्या माशांबद्दल कुणाकडून अवाक्षर ऐकायचं नाही. तुम्ही तर रोज गिऱ्हाइकांना मासे धरायला त्याच पाण्यावर नेता. पण "कशी आहेस" विचारायला कुठल्या नियमात बंदी आहे? तुमचा बोटीचा धक्का समोरच्या काठावर दिसत होता आणि मी मोटेलात राहत होते. मिस ओलीटाच्या दुकानात उकडलेल्या शेंगा घ्यायला गेले, तर बोलता बोलता सगळे गप्प झाले. ओलीटा सबंध वेळ आपल्या गुडघ्याबद्दल बोलत राहिली. लोक आपापल्या माशांचे फोटो लावतात, त्या भिंतीवर तर फुलाफुलांची चादर टांगलेली. मला वाटलं, भिंतीला रंग देताहेत. मला हेही वाटलं की तुम्ही मला टाकलंत आणि गावानेही तुमची बाजू घेतली. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा शेंगा गाडीत बसून रडत खाल्ल्या.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपार झाली तरी बोटीच्या टाकीत चारच मासे, आणि पाचवा नसेल तर घरी जायचं. मग मी आजोबांच्या रस्त्यावर गेले. धरण झालं तेव्हा बुडालेला, चर्चकडे जाणारा तो रस्ता. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही दाखवला होतात. काळजी नको, स्पर्धेच्या प्रमुखांना मी आधीच विचारलं होतं, लहानपणी बापाने दाखवलेली जागा चालते का म्हणून. ते हसून म्हणाले, "पोरी, तुझं लहानपण आम्हाला बंद करता येत नाही. गेल्या महिन्यातलं काही नको, म्हणजे झालं."

तिथे आधीच दोन बोटी होत्या. त्या कंटाळून गेल्या. मी गळ टाकलाच नाही. तुम्ही सांगितलेलं आठवत होतं, की धरणवाल्यांनी पाणी सोडल्याशिवाय त्या रस्त्यावरचा मासा तोंड उघडत नाही, आणि सोडलं की चर्चच्या जेवणासारखी रांग लावतो. शेंगा सोलत बसले. वेळ संपत आली होती. मग बोटीचं नाक हळूच फिरलं. पाणी चालू झालं होतं. दुसऱ्याच फेकीला दोरी ताणली. घाईत जाळं पाण्यात पडलं. मासा अंगठ्यानेच उचलला. पाचही जिवंत नेले, वजन करून पाचही पाण्यात सोडले.

वजनकाट्यापाशी उभी असताना लिंबू-सरबताच्या गाडीमागे एक माणूस दिसला. टोपी उलटी घातली की माणूस लपतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? माझं नाव पुकारल्यावर त्याने टोपी काढून छातीशी धरली. मी खाली उतरेपर्यंत तो निघून गेला होता.

मग पहिल्या तिघांना खोटं पकडायच्या यंत्रापुढे बसवलं. मनगटाला तारा, छातीला पट्टा. परीक्षक म्हणाले, "गेल्या महिन्यात या तलावातल्या माशांबद्दल कुणी काही सांगितलं?"

"नाही, सर."

"घरच्यांनी?"

"घरचे माझ्याशी बोलतच नाहीत, सर." आणि मला रडू फुटलं. बिचाऱ्यांनी मला कागदी रुमाल दिला आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. मी पास झाले.

काल सकाळी बिस्किटं घ्यायला ओलीटाकडे गेले. ती स्टुलावर चढून चादरीचे खिळे उपटत होती. चादरीखाली सगळे या महिन्यातले फोटो, आणि प्रत्येक माशाखाली तो कुठे मिळाला ते लिहिलेलं.

"तुझ्या बापाने ठोकलीय," ती म्हणाली. "चादरही माझी पळवली, चांगली पाहुण्यांसाठी ठेवलेली. सगळ्यांना दम भरला, पोरीसमोर माशाचं नाव काढाल तर याद राखा. मी म्हटलं, विन, अरे, निदान कशी आहेस एवढं तरी विचार तिला. तर म्हणतो, 'ओलीटा, मला माझी जीभ माहीत आहे. कशी आहेस म्हणता म्हणता मासा किती खोल बसलाय ते सांगून मोकळा होईन. ती हरली तर हरू दे. जिंकली, तर बापाने दाखवलं असं कुणी म्हणता कामा नये.' आता बिस्किटं घेणार आहेस, की इथेच रडणार आहेस?"

डॅडी, मार्चमध्ये तुम्ही चिडला होतात हे खरं. अजूनही थोडे चिडलेले असाल, मला तुमचा स्वभाव माहीत आहे. पण गिऱ्हाइकांना कान किटेपर्यंत गोष्टी सांगणारा माणूस महिनाभर पोटच्या पोरीशी गप्प बसला. अख्ख्या तलावात इतकं कठीण काम कुणी केलं नसेल, मीसुद्धा नाही. त्या यंत्रापुढे माझं "नाही" खरं ठरलं, ते तुमच्यामुळे. माझा बाप असा आहे, हे मी मोटेलच्या मॅनेजरलासुद्धा सांगून आले.

तलाव आता सगळ्यांना खुला आहे. शनिवारी उजाडताना मी बोट तुमच्या धक्क्याला लावीन. ममाला बिस्किटं करायला सांगा. मी इंजिन बंद करून बसेन आणि तुम्ही पहिला शब्द बोलेपर्यंत तोंड उघडणार नाही. थांबायचं कसं, ते मला येतं. तुम्हीच शिकवलंत.

तुमच्यासारख्याच अंगठ्याची,
रॉनेल