जिंतूरला गेलेली हाडं

परभणी, मंगळवार

ती. कुसुममावशी यांना,

संघप्रियाचा सप्रेम जय भीम. तुमची शुगर आटोक्यात आहे ना? काकांचा खोकला काय म्हणतो? फोनच केला असता, पण खोलीतल्या मुली कान लावून असतात, आणि काल जे झालं ते त्यांच्यासमोर बोलायचं नाही.

आमचं नर्सिंगचं शरीररचनेचं पुस्तक बाराशेला आहे. (बाराशे! ऐकूनच मी दुकानाच्या पायरीवर बसले होते.) म्हणून मी, अपेक्षा आणि राजेश्री अशा तिघींनी एकच पुस्तक घेतलं आणि बाइंडिंगवाल्याकडून त्याचे तीन भाग कापून घेतले. (कापण्याआधी 'पोरींनो, नक्की ना?' म्हणून दोनदा विचारलं त्यानं.) दर महिन्याला भाग बदलायचं ठरलं. मला पोट आलं, अपेक्षाला मेंदू, राजेश्रीला हाडं. आणि मावशी, दिवाळीच्या सुट्टीत राजेश्रीचं लग्नच लावून टाकलं घरच्यांनी! आम्हाला पत्ताही नाही. हाडं गेली सासरी, जिंतूरला.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली, तशी काल एसटी धरून मी गेलेच. दारात तिची सासू, चतुराबाई. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "मी हाडं न्यायला आलेय."

"कुनाची हाडं गं? आमच्या घरात कुनी मेलं न्हाई!" त्या ओरडल्या. शेजारच्या दोघी बाहेर आल्या. पळावं की बसावं कळेना. तेवढ्यात राजेश्रीनं येऊन पुस्तकाचं सांगितलं.

पण खरा धक्का पुढंच. चतुराबाईंनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली हाडं काढली आणि मलाच विचारलं, "गुडघ्याच्या वाटीला काय म्हनत्यात?" मी राजेश्रीकडं बघितलं. (माझ्याकडं पोट होतं ना!) "पटेला!" त्या म्हणाल्या. "दोनशे सहा हाडं असत्यात मान्साला. रोज दुपारी सून वाचून दाखवती."

राजेश्री चहाचा कप हातात धरून उभी होती. हळूच म्हणाली, "माझा परीक्षेचा फॉर्म भरलेलाय." तिचे डोळे भरले होते. चतुराबाईंनी हाडं परत फडक्यात गुंडाळली. मग म्हणाल्या, "धाडीन की तिला. पर समदी म्हनत्यात, नर्सबाईचं घर टिकत न्हाई. नोकरी करून संसार केलेली एक बाई मला डोळ्यांनी दाखव, मग बघू."

हाडं मात्र दिली. ती घेऊन आले आणि रात्रभर झोप नाही. बाकी सर्व ठीक. काकांना जय भीम सांगावा.

तुमचीच,
संघप्रिया

ता. क. ती बाई म्हणजे तुम्ही, असं मी सांगून आलेय. येत्या रविवारी तुमच्या येलदरीहून सकाळच्या गाडीनं जिंतूरला जा. पत्ता मागच्या बाजूला आहे. राजेश्रीनं बॅग भरून ठेवलीय, नाही म्हणू नका.

आणखी ता. क. काकांनाही न्या. तुम्ही बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्सच्या ड्यूटीला गेलात तेव्हा घरच्या भाकरी काकाच थापायचे, असं बोलण्याच्या भरात निघून गेलं माझ्याकडून. चतुराबाई म्हणाल्या, "आनाच त्यांना, माझ्या चुलीपुढं बसवते." तेव्हा मावशी, रविवारपर्यंत काकांना जास्त नाही, एक भाकरी तरी गोल यायला पाहिजे.