हेडखालचा पेपर

दादा,

मी ट्रॅकवर चाललेय. चहा गाळून ठेवलाय, तेवढा गरम करून घे. जमेल.

सोमवारी संध्याकाळी रेसच्या गाडीच्या इंजिनावरून काढलेल्या हेडमध्ये रॉकेल मीच ओतलं होतं. व्हॉल्व्ह गळतात का ते कळावं म्हणून खाली त्याच दिवशीचा पेपर अंथरला होता. सकाळी तू छाती फुगवून म्हणालास, "बघ, एक थेंब नाही! माझ्या हातचं काम आहे." पेपर कोरडाच होता, पण मंगळवारचा होता. सोमवारचा मला केराच्या डब्यात सापडला, रॉकेलने थबथबलेला.

वीस वर्षं उस्ताद म्हणून मिरवतोस आणि तुला एक खोटंही धड बसवता येत नाही? रविवारी ती गाडी मी पळवणार आहे, एवढं तरी आठवायचं. चष्मा लावायची लाज वाटते, याची नाही वाटली.

तिसऱ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मी पुन्हा घासून बसवलेत. हेड टेबलावर आहे. रॉकेल काल सकाळी ओतलंय, खाली कालचाच पेपर आहे, अजून कोरडाठाक. खात्री करायची तर तारीख वाच. तू कपाटात लपवलेला चष्मा पेपरवरच ठेवलाय.