इमानात वर नसतं

विमान भंगारात गेलं हो, मामंजी. कुर्ल्याला. दुसरं कुठं जाणार? टेम्पोवाल्यानं आधी पंख नेले, मग धड. मी मुद्दाम जुहूला बघायला गेले होते. शेपटीवर तुम्ही रंगवलेला गणपती तेवढा खरवडून घ्यावा म्हटलं, तर माझीच नखं तुटली. असला रंग मारतं का कुणी? तोच अंधेरीच्या खोलीला मारला असतात, तर भिंतीला ओल तरी आली नसती.

त्यालाही आता किती वर्षं झाली. तुम्ही गेल्यालाही झाली. सासरे जिवंत असताना सून जेवढी बोलली नाही, तेवढी आता भाकऱ्या थापताना बोलते. शेजारीण म्हणते, म्हातारी भ्रमिष्ट झाली. म्हणू दे. जाताना तुम्ही जे बोललात ते मी एकटीनंच ऐकलंय. "ब्रेक माझेच गो. माझ्याच हातचे." पोटच्या पोराला आपण मारलं, हे मनात धरून तुम्ही गेलात. मी उशाशी बसून चमच्यानं पाणी घालत होते. आणि गप्प होते.

ह्या पत्रात आधी चांगलं होतं ते लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा चाळीत एकाच घरी रंगीत टीव्ही होता, आणि आपल्या ओट्यावर माझ्या भाताच्या टोपात विमानाचे नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजत होते. गावच्या शाळेत सातवी झालेली मी. विमान म्हणजे आभाळात पांढरी रेघ ओढतं ते, एवढंच ठाऊक. तुम्हाला विचारलं, "मामंजी, आज आमटीला फोडणी कसली देऊ, नटाची की बोल्टाची?" हे हसून हसून पाटावरून पडले. तुम्ही हसला नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नवा टोप घेऊन आलात.

लोक म्हणायचे विमान कंपनी. कंपनी कसली, तीन माणसं! जन्मभर विमानं दुरुस्त करून तुम्ही रिटायर झालात आणि कुणीतरी मोडीत काढलेलं सहा माणसांचं विमान दोन वर्षं खपून उभं केलंत. तुम्ही ते दुरुस्त करायचं, तुमच्या झिलानं, म्हणजे ह्यांनी, उडवायचं, मी जुहूच्या पत्र्याच्या शेडमध्ये काटा सांभाळायचा. समुद्रातल्या ज्या बेटावर ते जायचं, तिथली माणसं त्याला मामांची पेटी म्हणायची. होडीला सबंध दिवस लागायचा, पेटीला पाऊण तास. बेटावर डॉक्टर नव्हता, म्हणून येताना आजारी माणसं यायची, जाताना बरी झालेली जायची. आणि येताना सुकट. त्या वासानं ह्यांचे शर्ट चार पाण्यात निघायचे नाहीत. मी म्हणायचे, "बापानं पायलटला दिली म्हणून मिरवत आले, वास तर नाखव्याचा येतोय!"

सामानासारखी माणसंही तोलावी लागायची. बायका लाजायच्या, आणि मी मुद्दाम ओरडायचे, "काकी, काटा विचारतोय, तिकिटं एक की दोन?" पण मन मात्र माझं गावचंच. आमच्याकडे भाताचं माप भरलं की वर एक मूठ टाकतात. मच्छीवालीसुद्धा वाट्यावर एक बांगडा वर टाकते. नाही टाकला तर गिऱ्हाईक तिला माणसांत धरत नाही. म्हणून मीही सोडायचे. कुणाचे दोन नारळ, कुणाची गुळाची ढेप. काट्यावर न घालताच आत.

एकदा तुम्ही पकडलंत. ओरडला नाहीत. पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "अगो बाय, इमानात वर नसता. काय आसात ता काट्यावर घाल." विमानाला तुम्ही इमानच म्हणायचात.

"मग इमान कशाला म्हणता? कंजूसपणा म्हणा."

तेव्हा हसलात तुम्ही. मला आठवतंय तसं ते एकदाच. मी देवाची शपथ घेतली, पुन्हा नाही.

मग तो शिमग्याचा आदला दिवस. सगळ्या सीटा भरल्यात. बेटावरची एक म्हातारी शेवटी चढतेय आणि तिच्याजवळ गोणपाटात गुंडाळलेला पाटा-वरवंटा आहे. लेकीच्या नव्या घरासाठी. मी म्हणते, "आजी, काट्यावर ठेवा." ती म्हणते, "लेकीचं देणं तोलायचं नसतं गो." तुम्ही चाकाशी वाकलेले, हे आत बसून घाई करताहेत. मी पाटा उचलते आणि मागच्या सीटखाली सरकवते. बांधत नाही. ह्यांना हात करते.

बेटावर उतरताना ब्रेक लागले नाहीत. विमान पट्टी सोडून वाळूत घुसलं आणि थांबलं. बाकी सगळी खरचटून वाचली, हे तेवढे गेले. चौकशीला साहेब आले. चाकं बघितली, विचारलं, ब्रेक कुणी बसवले? तुम्ही शाळेतल्या पोरासारखा हात वर केलात. "मी." त्यांनी लिहून घेतलं. पेटी जुहूला आणून ठेवली, ती पुन्हा उडाली नाही. त्यानंतर तुम्ही पाना हातात धरला नाहीत. घरातला नळ गळत राहिला, पण तुम्ही वायसर बदलला नाहीत. नुसते बसून थेंब बघायचात.

तेराव्याला ती म्हातारी आली होती. तुम्ही बाहेर भटजींपाशी होता. तिनं मला मोरीत ओढलं आणि तोंडावर पदर धरून सांगितलं. विमान वाळूत शिरलं ते फार जोरात नाही, काचसुद्धा फुटली नाही. पण झटक्यासरशी मागचा पाटा सुटला, दोन सीटांच्या मधून गेला आणि ह्यांच्या मानेत बसला. बेटावरच्या पोरांनी तो तिचं सामान म्हणून उचलून नेला, साहेबांना दिसलाच नाही. "मामांना सांगू काय गो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल."

ब्रेक तुमचे होते, खरं. पण ब्रेकनं नाही मारलं त्यांना, मामंजी. मी मारलं. ह्याच दोन हातांनी उचलून ठेवलेल्या पाट्यानं. आणि नळाचे थेंब बघत बसलेल्या तुमच्यासमोर मी नऊ वर्षं ताट वाढलं.

दुःखानं वाचा गेली होती म्हणून लपवलं, असं लिहिणार होते. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, तर त्यात तरी खोटं कशाला? तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला माहेरी धाडलं असतंत. आणि मला गावाला परत जायचं नव्हतं.