बावर्च्याची जीभ

५ नोव्हें.
क्रिएटिनिन २.९. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी थकली आहे, संपली नाही. बीपीच्या गोळ्या रोज, मीठ कमी, कमरेसाठीच्या पेनकिलर आजपासून बंद. नाहीतर पुढे डायलिसिस." म्हटलं, बाई, मी लग्नातला बावर्ची, मीठ चाखणं हाच माझा धंदा. "मग चाखा आणि थुंका."
थुंकू. डायलिसिसला मी काही जात नाही!

२१ नोव्हें.
अळणी वांगं. शिक्षाच. पण नसीमही तेच खाते, त्यामुळे नवऱ्याला तोंड उघडायची सोय नाही.

१४ डिसें.
बोरी अरबचं लग्न. डाळ-मटणाचा दालचा चाखला, थुंकला. हाताखालची पोरं हसली. हसा लेको. पायाची सूज उतरली, जुनी चप्पल परत बसते. बिर्याणीची देग उतरवताना कमर बोंबलली. गोळी नाही घेतली, नसीमनं शेकून दिली.

१८ जाने.
क्रि. २.४!! बाई म्हणतात, वाढायचं थांबलं, थोडं उतरलंही. पेनकिलरनं बिघडलेलं भरून येत असावं. आणखी किती भरेल, ते आत्ता नाही सांगता येत. मला एवढंही खूप. बसमध्ये शेजाऱ्याला उगाच रिपोर्ट दाखवला.

२ फेब्रु.
इज्जत गेली. दारव्ह्याला बिर्याणी अळणी. नवरीचा मामा सगळ्यांदेखत, "उस्ताद, मीठ टाकाले इसरले का?" मला तर चांगली खारट लागली होती! अळणी खाऊन खाऊन जीभच बदलली. मोजून टाकावं तर गावागावचं पाणी वेगळं. घरी येऊन रडलो.
नसीम: "रोते कायको? गुर्दा सुधरा, जबान बी सुधरी."
हिला काय जातंय बोलायला.

३ फेब्रु.
पण नसीम बाहेर लग्नाकार्यात नेहमीचं खाते. तिची जीभ जागेवर आहे...

२२ फेब्रु.
फुलसावंगी. नसीमला देगीपाशी आणलं. आमच्यात भट्टीवर बायका येत नाहीत. पोरं एकमेकांकडे बघताहेत. तिनं दालचा चाखला.
"और एक मूठ."
मी चाखला, थुंकला. मला आत्ताच खारट! "नसीम, सोच ले."
"डालो जी."
टाकली. ढवळलं, झाकण लावलं.
उद्या परत रक्त द्यायचंय. क्रि. उतरणार, मला खात्री आहे. इथलं मात्र काही सांगता येत नाही. पहिली ताटं आत्ता गेली. मी मंडपामागे खुर्ची टाकून बसलोय. मीठ मागायला अजून कुणी आलेलं नाही.