लाट तुरीएवढी

रविवार, संध्याकाळ. उंद्री.

आज मोठे दीर पुन्हा अंगणात उभे. म्हणे, "पोरीले वापस बोलाव. समुद्र खवळून राह्यला." यायनं कधी समुद्र पाह्यला? मी तरी कुठं पाह्यला! पण सुजाता रत्नागिरीकडे बोटीवर माशांची पाहणी करते, म्हणून मी रोज मोबाइलवर तिथल्या लाटांची उंची पाहते आन् आपल्या पिकानं मापते. काल लाट सोयाबीनएवढी होती, मांडीपर्यंत; आज तुरीएवढी, डोक्याच्या वर. भेव वाटलं. फोन केला तर पोरगी हसली, "आई, तूर असली की आम्ही बंदरातच थांबतो. सोयाबीन झाली की निघतो."

वापस? काऊन बोलावू? उद्या दीर आले की तोंडावर सांगीन, "भाऊजी, कवा थांबाचं ते माह्या पोरीले समजते. तुमाले कवा समजन?"