हारूनभाईंची चिनी अळंबी

खैतान, कुवेत
मंगळवार

प्रिय नूरी,

सलाम. हे पत्र अम्मींना वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच, मग काय करायचं ते ठरव.

काल फोनवर मी तुझ्या तौफीकना तीनदा सांगितलं, ती अळंबीची पावडर बंद करा. ते हसले. म्हणाले, भाभी, डबे तुम्हीच पाठवलेत, भाईंना वर्षभर तुम्हीच पाजलीत, आता एकदम विष झाली होय? मागून अम्मींनी विचारलं, काय म्हणते ताहिरा, आणि मी हवापाण्याचं बोलू लागले. तुमच्याकडे फोन म्हणजे ओटीवरचा रेडिओ, सगळं घर ऐकतं. मेसेज केला तर आधी तुझी मुलं वाचतात. म्हणून कागद घेतला. गावचा जहीर गुरुवारी तिकडे यायला निघतोय, शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या हातात देईल. तोवर मी रोज फोन करून बंद केली का विचारणार आहे. चिडलात तरी चालेल.

परवा तू सहज म्हणालीस की हे, म्हणजे तौफीक, आता जिना न थांबता चढतात. फक्त दात घासताना रक्त येतं आणि दंडावर निळा डाग पडलाय, कुठे आपटले ते आठवत नाही. त्या वेळी मी ताट वाढून घेतलं होतं. ते तसंच झाकून ठेवलं.

माझं बरं चाललंय. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवते, उतरवते, पट्टे लावते. मुलं इंग्रजीत भांडतात, मी मराठीत दटावते, आणि त्यांना ते कळतं. दुपारी खोलीत ऊन तापतं, तेव्हा वाचत पडते. तिसऱ्या मजल्यावरच्या रेखाताई जाब्रियाच्या इस्पितळात नर्स आहेत, त्या जुनी मासिकं देतात. तुझ्या हारूनभाईंचा चष्मा अजून खिडकीत आहे. धूळ बसते म्हणून रोज पुसते, एवढंच.

तुला या अळंबीची हकिकत कुणी नीट सांगितलेली नाही. इथल्या राई भागातल्या गोदामात भाईंबरोबर लिन नावाचे एक चिनी इंजिनिअर होते. माझे घावणे त्यांना फार आवडायचे. भाईंची छाती धडधडायला लागली, डॉक्टरांनी रक्त पातळ राहण्याची गोळी सुरू केली, तेव्हा लिन घरी बघायला आले आणि कागदात गुंडाळून एक अळंबी घेऊन आले. लिंगझी म्हणतात तिला. आपली अळंबी बोटात मोडते, ही सुरीला दाद देईना. लाकडासारखी कडक, वर लाख लावल्यासारखी लाल चकाकी. त्यांच्याकडे हजारो वर्षांचं औषध आहे म्हणे, आयुष्य वाढवणारं मानतात. पण त्यांनी हेही सांगितलं की तिकडचा वैद्य नाडी धरतो, जीभ बघतो, दुसरी मुळं घालून काढा देतो, आणि एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही. ही नुसती शोभेला ठेवा, घ्यायची असली तर आधी डॉक्टरांना विचारा. बाजारातून तिची पावडर शोधून आणायची आणि रोज सकाळी कोमट पाण्यात मोठा चमचा ढवळायचा, ही अक्कल आमची. कडू जहर लागायची. भाई नाक धरून प्यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, आता शंभर वर्षं सुटका नाही तुझी.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की झोपेत हृदय बंद पडलं. ते खरं नाही, नूरी. त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याआधी महिनाभर हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर डाग पडत होते. इस्पितळात रक्ताची तपासणी केली तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालेलं निघालं. ते गेल्यावर मी डबा नेऊन दाखवला. डॉक्टर म्हणाले, याच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण गोळीबरोबर हे घेत होते, हे मला माहीत असायला हवं होतं.

मला माहीत होतं. डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं आहे की रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. मी डबे वाचूनच इंग्रजी शिकले, तेही वाचलं होतं. भाईंना वाचूनही दाखवलं. ते म्हणाले, दोघांचं काम एकच, म्हणजे फायदा दुप्पट. मला ते पटलं. दर महिन्याला डॉक्टर विचारायचे, आणखी काही औषध घेता का, आणि भाई नाही म्हणायचे, कारण अळंबी म्हणजे काय औषध आहे का. मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून संपल्यावर त्यांचं सामान बांधलं, तेव्हा तीन डबे न फोडलेले होते. ते मला फेकवले नाहीत. फेकले असते तर मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. जहीर तेव्हाही गावी निघाला होता, त्याच्या बॅगेत जागा होती. अम्मींना ताकद येईल म्हणून लिहून पाठवले, पण तौफीकही ती घेतील, त्यांची हृदयाची झडप बदललेली आहे आणि त्यांनाही तीच रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. म्हणून आता सांगते ते ऐक. पावडर आजच्या आज बंद. गोळी बंद करायची नाही, झडपेला ती लागते, त्याचं डॉक्टर बघतील. उद्या सकाळी पहिल्या गाडीने रत्नागिरीला जा, डबा आणि हे पत्र दोन्ही बरोबर घे, आणि रक्ताची तपासणी करून घे. तौफीक परत हसले तर त्यांना हे पत्र दे, सगळं वाचू दे. भाऊ गेला तो आता कुणाच्या चुकीने गेला, याचा हिशेब तू आणि अम्मी सवडीने करा, मी फोन उचलेन आणि ऐकून घेईन. पण आधी रत्नागिरीला जा.

मानशील तर अजूनही तुझीच,
ताहिराभाभी