लांब नळीची रायफल

बाबा, पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत तुम्ही बाबा आणि फायरिंगच्या मैदानावर उस्ताद, असा तुमचा कायदा होता. एकाच चुलीपुढे चहा पिऊन निघायचं आणि फाटकापाशी एकमेकांना अनोळखी व्हायचं. आईला हसू यायचं, माझा मात्र जीव जायचा.

आमची तुकडी जंगलातल्या ड्यूटीवर निघाली, तो दिवस अजून पाठ सोडत नाही. तुम्ही शस्त्रांच्या खोलीच्या दारात उभे आहात. आखूड नळीच्या कार्बाइन बंदुका मोजक्याच. कार्बाइनवाला पुढं चालणार, लांब रायफलवाला मागं राहून त्याला सांभाळणार, हे सगळ्यांना ठाऊक. तुम्ही कार्बाइन माझ्या दोस्ताला देता आणि लांब रायफल मला. माझ्या तोंडून निघून जातं, "बाबा, मले काहून नाही?"

सगळी तुकडी खो खो हसते. तुमचे कान लाल.

"इथं कोनी तुहा बाबा नाही! कार्बाइन आखूड, हलकी. बांबूच्या बेटात झटकन फिरते. पन खांद्याले लाथ मारते, जाळ मोठा काढते, अन् दूरचा नेम धरत नाही. लांब नळीची गोळी जोरात जाते, दूरवर पक्की बसते. तुहा हात थंडा आहे, याचा चपळ. समजलं का गा?"

"समजलं, उस्ताद."

त्यात खोटं काहीच नव्हतं. दूरच्या निशाण्यावर माझीच गोळी बसायची. पण बांबूत दबा धरून बसलेल्यांची गोळी लागली ती पुढं चालणाऱ्याला. मी मागं नेम धरून बसलेलो, समोर नुसता बांबू, आणि ती लांबलचक नळी वळवायला जागा नाही. दोस्त वाचला, उजवा हात गेला.

मग तुम्ही मरेपर्यंत दर रविवारी त्याच्या घरी जात राहिलात. मला कधी नेलं नाहीत. काहून जात होता, बाबा? बंदुका वाटण्याचा हिशेब बरोबर होता, तर एवढ्या चकरा कशाला? तो आता गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात बसतो. भेटला की चहा मागवतो, तुमची आठवण काढतो, त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहितो. तुम्ही मला वाचवायला मुद्दाम मागं ठेवलंत, असंच तुमच्या तोंडून ऐकायचं आहे मला. आणि त्या दोस्तासमोर चहा पीत बसलो असतानाही मला तुमच्याकडून तेच ऐकायचं असतं.